शाळेची इमारत आणि तिच्यात बसणाऱ्यांचा अनुभव
(शिक्षकमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गावात शाळेची नवी इमारत उभी राहते, तेव्हा तिची परीक्षा अनेकांकडून होते. अभियंता मोजमाप घेतो, ठेकेदाराचे देयक तपासले जाते, सरपंच व ग्रामस्थ नारळ वाढवितात आणि इमारत शाळेच्या ताब्यात येते. त्यानंतर मात्र तिची खरी परीक्षा सुरू होते, आणि ती घेणारे परीक्षक पहिली ते चौथीच्या किंवा सातवीच्या वर्गात रोज पाच-सहा तास मांडी घालून बसलेले असतात. चैत्रातील दुपारी कोणती भिंत तापते, आषाढातील पावसात छत कोणत्या कोपऱ्यात ठिबकते, कोणत्या रांगेतून फळा दिसत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते. परंतु त्यांना कोणी विचारीत नाही, आणि विचारले नाही म्हणून तेही सांगत नाहीत. पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीचे मूल्यमापन करताना तिच्यात वावरणाऱ्यांच्या अनुभवाला कोणते स्थान असावे, आणि तो अनुभव ग्रामीण शिक्षकाने कसा गोळा करावा, हा ह्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम ‘शाश्वत इमारत’ ह्या शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेणे इष्ट होय. पुष्कळांची समजूत अशी असते की, भिंत भक्कम आणि छत पक्के म्हणजे इमारत शाश्वत. हा अर्थ अपुरा आहे. जी इमारत वापरणाऱ्यांच्या आरोग्याला बाधा आणीत नाही, जी चालविण्यास वीज, पाणी व पैसा बेताचा लागतो, जिची दुरुस्ती गावातील माणसांच्या आवाक्यात असते आणि जी बदललेल्या गरजांनाही सामावून घेते, ती शाश्वत म्हणावी. ह्या कसोटीला आणखी एक बाजू आहे. जगात मनुष्याच्या उद्योगांमुळे जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडला जातो, त्यातील सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटच्या निर्मितीचा आहे. विटा भाजणे, लोखंड वितळविणे, वाळू उपसणे व वाहतूक करणे ह्यांचा भार वेगळाच. तेव्हा उभी इमारत पाडून नवी बांधणे म्हणजे एकदा केलेला खर्च मातीत घालून दुसऱ्यांदा निसर्गाकडे हात पसरणे होय. जी इमारत सुरक्षित आहे व दुरुस्त होण्याजोगी आहे, ती सुधारून वापरणे हाच बहुधा काटकसरीचा मार्ग ठरतो. परंतु काय सुधारावे, हे कोण सांगणार? त्याचे उत्तर वापरणाऱ्यांजवळच असते.

नाशिक शहरातील इंदिरानगरचे उदाहरण ह्या बाबतीत बोलके आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत वसलेल्या ह्या उपनगरात बंगले, रो-हाऊस आणि तीन-चार मजली सदनिकांच्या इमारती दाटीने उभ्या आहेत. एकाच इमारतीत, एकाच नकाशाच्या सदनिकांत राहणारी दोन कुटुंबे मात्र दोन निरनिराळ्या हवामानांत राहतात. सर्वांत वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या डोक्यावर गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि साठविलेली उष्णता रात्री खोलीत सोडतो. मधल्या मजल्यावरील कुटुंबाला ह्याची कल्पनाही नसते. पश्चिमेकडील भिंतीलगत झोपणाऱ्याचा अनुभव वेगळा आणि पूर्वेकडे खिडकी असलेल्याचा वेगळा. इमारतीचा नकाशा पाहून हा फरक पूर्णपणे उमगत नाही. वीजबिल पाहून थोडा उमगतो. पण वरच्या मजल्यावरील आजीबाईंना विचारले, तर त्या एका वाक्यात सांगतील की, एप्रिल लागला की रात्री बारापर्यंत भिंतीला हात लाववत नाही. ह्या एका वाक्यात गच्चीला पांढरा चुना द्यावा की नाही, ह्या प्रश्नाचे उत्तर दडलेले असते.

इंदिरानगरापासून जवळच त्रिरश्मी डोंगर आहे. त्यावरील लेणी पांडवलेणी ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या ह्या चोवीस लेण्यांत भिक्षूंसाठी निवासाच्या खोल्या आहेत आणि पावसाचे पाणी साठविण्यासाठी खडकात खोदलेली टाकीही आहेत. दहाव्या लेण्यातील लेख शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य समजावून द्यावा असा आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याने लेणे कोरवून दिले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक ह्या व्याजाने व १,००० शेकडा पाऊण ह्या व्याजाने. मुद्दलाला हात लावावयाचा नव्हता. व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंना वस्त्रांसाठी व किरकोळ गरजांसाठी रक्कम मिळावयाची होती. इमारत देणाऱ्याने तिच्यात राहणाऱ्याच्या पावसाळ्याचाही विचार केला होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. राहणाऱ्यांच्या गरजा मात्र दरवर्षी पावसाळ्याबरोबर नव्याने उभ्या राहतात.

आधुनिक काळात ह्या विचाराला शास्त्राचे रूप मिळाले. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात १९६७ साली इमारतींच्या कामगिरीचा अभ्यास करणारे पथक स्थापन झाले. टॉमस मार्कस हे त्यातील प्रमुख अभ्यासक. त्यांच्या पथकाने शाळांच्या इमारतींकडे विशेष लक्ष दिले, ही शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. पुढे १९९५ ते २००२ ह्या काळात इंग्लंडमध्ये वापरात असलेल्या इमारतींची अशीच क्रमवार पाहणी झाली. तीत असे आढळून आले की, नकाशा करताना विजेचा जो खर्च अंदाजिला होता त्याहून प्रत्यक्ष खर्च पुष्कळदा बराच अधिक होतो. दुसरा निष्कर्ष अधिक बोधप्रद आहे. जेथे वापरणाऱ्याला स्वतःच्या हाताने खिडकी उघडता येते, दिवा मालवता येतो आणि केलेल्या तक्रारीची लवकर दखल घेतली जाते, तेथे माणसे इमारतीच्या लहानसहान उणिवा आनंदाने सोसतात. जेथे सर्व काही दुसऱ्याच्या हाती असते, तेथे तीच माणसे बारीकशा त्रासानेही कातावतात.

भारतातही असे कार्य झाले आहे. अहमदाबाद येथील सेप्ट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी निरनिराळ्या हवामानांच्या पाच शहरांतील सोळा कार्यालयीन इमारतींत जाऊन तेथे काम करणाऱ्यांची सहा हजारांहून अधिक उत्तरे गोळा केली. काम चालू असताना, त्या क्षणी उकडते की बरे वाटते, हे विचारावयाचे आणि त्याच वेळी तापमान मोजावयाचे, अशी त्यांची रीत होती. ह्यावरून २०१४ साली भारतीयांच्या सुखकर तापमानाचे गणित मांडण्यात आले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्याला स्थान मिळाले. मोकळ्या हवेच्या इमारतींत राहणारी भारतीय माणसे परदेशी प्रमाणांत गृहीत धरले होते त्याहून अधिक तापमानातही सुखाने काम करू शकतात, असे त्यातून दिसले. सारांश, थंड देशातील पुस्तकातून आणलेले माप येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील माणसाला विचारूनच येथील माप ठरवावे लागते.

न विचारल्याने काय होते, ह्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या दगडी भिंती व माळवदाचे जड छप्पर अंगावर कोसळून बहुतेक मृत्यू घडले. त्यानंतर पन्नासांहून अधिक गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि भूकंपाला तोंड देणारी घरे बांधण्यात आली. हे कार्य फार मोठे होते, ह्यात शंका नाही. परंतु शेतकऱ्याच्या घराला गोठा लागतो, धान्य ठेवण्यास जागा लागते, दारापुढे आडोशाचे अंगण लागते. सरळ रेषेत आखलेल्या रुंद रस्त्यांवरील कित्येक घरांत ह्या गरजांना पुरेशी जागा मिळाली नाही. तेव्हा लोकांनी आपल्या सोयीने भिंती व खोल्या वाढविल्या, आणि ही वाढ पुष्कळ ठिकाणी भूकंपाचे नियम न पाळताच झाली. ह्यातून मिळणारा धडा असा की, घर कितीही भक्कम बांधले तरी ते राहणाऱ्याच्या जीवनाशी जुळले नाही, तर राहणारा ते बदलतो, आणि त्या बदलात मूळची सुरक्षितताही हरवू शकते.

आता शाळेकडे वळू. नाशिक जिल्ह्याचाच विचार केला, तर पश्चिमेस इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे अतिपावसाचे तालुके आणि पूर्वेस येवला, नांदगाव, मालेगाव व सिन्नरचा काही भाग हा कमी पावसाचा व कडक उन्हाचा प्रदेश. दोन्हीकडे एकाच नकाशाची, एकाच पत्र्याच्या छपराची खोली बांधली, तर एकीकडे पावसाच्या आवाजाने शिक्षकाचे शब्द मुलांच्या कानी पोहोचत नाहीत आणि दुसरीकडे मार्चपासून पत्र्याखाली बसवत नाही. पेठकडील शिक्षकाला मोठ्या सरीत पाठ थांबवून मुलांना लेखन द्यावे लागते. नांदगावकडील शिक्षक वर्ग झाडाखाली किंवा ओसरीत नेतो. दोघेही न सांगता इमारतीचे मूल्यमापन करीतच असतात. उणीव एवढीच की, ते कोठेही नोंदले जात नाही. नोंद नाही म्हणून पुढच्या नकाशात सुधारणा नाही, आणि पुढच्या गावात पुन्हा तीच खोली उभी राहते.

ही केवळ सोयीची गोष्ट असती, तर तिच्यासाठी इतका वेळ खर्चण्याचे कारण नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेच्या खोलीचे छत कोसळून तीन विद्यार्थी मरण पावले. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली. त्या दिवशी छतातून खडे पडत असल्याचे आपण आधीच सांगितले होते, असे वाचलेल्या मुलांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. ह्या घटनेतील दोषाचा निवाडा करणे हे येथे प्रयोजन नाही. परंतु प्रत्येक शिक्षकाने मनाशी एवढे निश्चित करावे की, मूल जेव्हा वर पाहून काही सांगते, तेव्हा त्याला ‘पुस्तकात लक्ष घाल’ असे उत्तर देण्यापूर्वी आपणही एकदा वर पाहिले पाहिजे.

येथेच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. वापरणाऱ्याचा अनुभव ही मोलाची साक्ष आहे, परंतु ती सर्व गोष्टींची साक्ष नव्हे. स्लॅबमधील लोखंड गंजले आहे काय, पाया खचतो आहे काय, तुळई भार पेलण्यास समर्थ आहे काय, हे मुलाला किंवा शिक्षकाला समजण्याजोगे नाही. तेथे बांधकाम विभागाच्या अभियंत्याचाच निर्णय प्रमाण. खोली सुखावह वाटते म्हणून ती सुरक्षित ठरत नाही, आणि गैरसोयीची आहे म्हणून ती धोकादायक ठरत नाही. अनुभवाने प्रश्न उभा करावा व शास्त्राने त्याचे उत्तर द्यावे, असा हा संबंध आहे. मात्र छताचा गिलावा पडणे, लोखंड उघडे दिसणे, नवी भेग पडणे किंवा जुनी रुंदावणे, दार-खिडकी अचानक घट्ट बसणे अशी चिन्हे आढळली, तर नोंदवहीची वाट पाहू नये. मुले त्याच क्षणी खोलीबाहेर काढावीत, खोलीला कुलूप लावावे आणि त्याच दिवशी लेखी कळवावे.

ह्याखेरीजच्या गोष्टींसाठी शिक्षकाने काय करावे? पुढील पद्धत खर्चाची नाही व कोणत्याही शाळेत आचरता येण्याजोगी आहे.

पहिली गोष्ट वर्गाचा नकाशा. फरशीवर खडूने किंवा कागदावर पेन्सिलीने वर्गाची आकृती काढावी व तीत दारे, खिडक्या, फळा आणि मुलांच्या बसण्याच्या रांगा दाखवाव्यात. नंतर प्रत्येक मुलाने ह्या आकृतीत खुणा कराव्यात : जेथे उकडते तेथे एक खूण, जेथे ठिबकते तेथे दुसरी, जेथून फळा चमकतो वा दिसत नाही तेथे तिसरी, जेथे ऐकू येत नाही तेथे चौथी. चाळीस मुलांच्या खुणा एका कागदावर उतरल्या म्हणजे वर्गाचे दुखणे कोणत्या ठिकाणी आहे, हे डोळ्यांना दिसू लागते.

दुसरी गोष्ट प्रश्न विचारण्याची रीत. ‘आपला वर्ग चांगला आहे ना?’ असे गुरुजींनी विचारले, तर सर्व मुले एका सुरात ‘हो’ म्हणतील. ह्या उत्तराचा उपयोग शून्य. ‘ह्या खोलीत कोणत्या वेळी कोठे बसावेसे वाटत नाही?’ असा प्रश्न विचारावा. प्रश्न अनुभवाचा असावा, मताचा नसावा. काय घडले हे विचारावे, कसे वाटते हे मागाहून. मुलींना बाईंनी स्वतंत्रपणे विचारावे. स्वच्छतागृहाचे दार लागत नाही किंवा तेथे पाणी नसते, म्हणून जी मुलगी दिवसभर पाणी पीत नाही, ती हे चारचौघांत कधीही सांगणार नाही. पोषण आहार शिजविणाऱ्या स्वयंपाकी ताई व मदतनीस ह्यांनाही विचारावे. धूर कोठे कोंडतो आणि पाणी किती लांबून आणावे लागते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? जी मुले वारंवार गैरहजर राहतात, त्यांच्या घरी जाऊन विचारणे तर फारच अगत्याचे. वर्गात बसलेल्यांना विचारून, वर्ग सोडून गेलेल्यांचे कारण कळत नाही.

तिसरी गोष्ट मोजमाप. अनुभवाला अंकाचा आधार मिळाला म्हणजे त्याचे वजन वाढते. एक साधा तापमापक मुलाच्या डोक्याच्या उंचीवर, उन्हापासून दूर, वर्गात टांगावा; दुसरा बाहेर सावलीत ठेवावा. शाळा भरताना, मधल्या सुटीत व सुटताना दोन्हींचे अंक लिहावेत, आणि त्याच वेळी किती मुलांना उकडते, हे हात वर करवून मोजावे. गळतीच्या डागाभोवती खडूने रेघ ओढून तारीख घालावी. पुढच्या पावसानंतर डाग रेघेबाहेर गेला की नाही, हे आपोआप कळेल. वीजबिलातील युनिटे आणि पाण्याच्या टाकीची पातळी ह्यांचीही महिन्याची नोंद असावी. शांत बसलेला प्रौढ मनुष्य सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. मुलांची उष्णता त्याहून कमी असली तरी चाळीस मुले कोंडलेल्या खोलीत बसली म्हणजे जणू दोन-तीन शेगड्याच तेथे पेटलेल्या असतात. खिडक्या उघडल्यापूर्वीचे व नंतरचे तापमान लिहिले, तर हे पाठ न करताही मुलांना उमजेल.

चौथी गोष्ट काळाची. एका दिवसाची पाहणी फसवी असते. जूनमधील उत्तर एप्रिलला लागू नसते. म्हणून पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा व उन्हाळ्यात, सकाळची शाळा सुरू होण्यापूर्वी एकदा, अशी वर्षातून तीन वेळा ही चौकशी व्हावी. तीन वर्षांच्या नऊ नोंदी ज्या शाळेत आहेत, त्या शाळेच्या मागणीपुढे सहसा कोणाचा संशय उभा राहणार नाही.

ह्या कामात दोन धोके संभवतात. एक धोका सवयीचा. जो वीस वर्षे धुराच्या खोलीत बसला, त्याला धूर जाणवेनासा होतो. ‘काही त्रास नाही’ ह्या उत्तराचा अर्थ त्रास नाही असाच असतो, असे नव्हे. त्रासाची सवय झाली आहे, असाही असू शकतो. म्हणून नव्याने दाखल झालेल्या मुलाचे व नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाचे पहिल्या महिन्यातील म्हणणे मुद्दाम लिहून ठेवावे. दुसरा धोका संख्येचा. ज्या गोष्टीची तक्रार अधिक मुले करतात, तीच अधिक गंभीर, असे समजू नये. चाळीस मुले पंखा मागतील आणि एकच मूल उतरंडीची वाट मागेल, कारण त्या एकालाच पायऱ्या चढता येत नाहीत. त्या एकाचा अनुभव चाळिसांच्या अनुभवाखाली दडपून जाता कामा नये.

अनुभवाचा अर्थ लावणे हे शिक्षकाचे पुढील काम. फळा चमकतो, ह्याचे कारण फळ्यासमोरची खिडकी असेल, तर फळा शेजारच्या भिंतीवर नेल्याने खर्चाशिवाय प्रश्न सुटतो. लिहिणाऱ्याच्या डाव्या हाताने उजेड येईल अशी बैठक फिरविणे हाही बिनखर्ची उपाय आहे. डावखुऱ्या मुलाला मात्र उलट बाजूची जागा द्यावी. स्लॅबला वा पत्र्याला उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचा हात दिला, तर सूर्याच्या उष्णतेचा बराच भाग परत फेकला जातो. समोरासमोरच्या खिडक्या व वरचे झरोके उघडे ठेवले, तर वारा खेळतो; कपाट, तक्ते व जुनी दप्तरे ह्यांनी बुजलेली खिडकी मोकळी करण्यास अनुदान लागत नाही. पन्हळीतील पाला पावसाळ्यापूर्वी काढला, तर कित्येक गळत्या होणारच नाहीत. पश्चिमेच्या भिंतीबाहेर कडुनिंबाचे झाड लावले, तर त्याची सावली मिळण्यास काही वर्षे लागतील, पण ती पुढच्या कित्येक तुकड्यांना मिळेल. मारिया मॉन्टेसरी ह्यांनी १९०७ साली रोम येथे बालगृह उघडले, तेव्हा मेज, खुर्च्या व कपाटे मुलांच्या उंचीची करून घेतली. ताराबाई मोडक ह्यांनी बोर्डी व कोसबाड येथे ग्रामीण मुलांना अनुरूप असे बालशिक्षणाचे रूप घडविले. मुलाचे शरीर हेच शाळेचे माप, हा त्यामागील विचार. फळ्याची खालची कड, नळाची तोटी, दाराची कडी ह्यांची उंची ह्या मापाने एकदा तपासून पाहावी.

जे शिक्षकाच्या हाती नाही, त्यासाठी कायद्याने मार्ग दिला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात शाळेच्या इमारतीचे निकष आहेत : सर्व ऋतूंत वापरता येईल अशी इमारत, दर शिक्षकामागे एक वर्गखोली, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित व पुरेसे पाणी. ‘सर्व ऋतूंत वापरता येईल’ हे शब्द नीट वाचावेत. ते केवळ बांधकामाचे वर्णन नव्हे. तिन्ही ऋतूंत आत बसून पाहिल्यावाचून त्यांची पूर्तता झाली की नाही, हे सांगता येत नाही. त्याच कायद्यान्वये शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. ह्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक व निम्मे सदस्य महिला असतात, म्हणजे वापरणाऱ्यांचा आवाज समितीत कायद्यानेच बसविलेला आहे. आराखड्यात ‘वर्गखोली दुरुस्ती आवश्यक’ एवढेच लिहिले, तर ती हजारातील एक ओळ होते. ‘दुसरीच्या वर्गात उत्तरेकडील कोपऱ्यात जुलैपासून गळती, अकरा मुलांना जागा सोडून बसावे लागते, डाग तीन महिन्यांत दोन हात वाढला’ असे लिहिले, तर तिला चेहरा येतो आणि अभियंत्याला कोठे पाहावे हे कळते.

इमारत निर्लेखित करावयाची की दुरुस्त करावयाची, हा प्रश्न अनेक गावांत येतो. नव्या इमारतीचा मोह स्वाभाविक आहे. पण जुन्या कौलारू शाळेत मुले सुखाने बसत असतील, भिंती भक्कम असल्याचा अभियंत्याचा दाखला असेल आणि दोष फक्त वाशांचा व कौलांचा असेल, तर ती पाडून पत्र्याची वा स्लॅबची तापणारी खोली बांधणे ह्यात लाभ कोणाचा, हे समितीने विचारावे. उलट, इमारत धोकादायक ठरली असेल, तर केवळ जुनी व लाडकी म्हणून तिला कवटाळून बसू नये. दोन्ही प्रसंगी नोंदवही जवळ असेल, तर चर्चा भावनेवर न होता पुराव्यावर होईल. आणि नवीच इमारत बांधण्याचे ठरले, तर जुन्या इमारतीतील गुण कोणते जपावयाचे व दोष कोणते टाळावयाचे, हे त्याच वहीतून नकाशा काढणाऱ्याला सांगता येईल.

ह्या उपक्रमाचा शैक्षणिक लाभही थोडा नाही. शाळेची इमारत हेच अध्ययनाचे साधन करावे, ही कल्पना वास्तुरचनाकार कबीर वाजपेयी ह्यांनी मांडली आणि देशातील अनेक राज्यांत ती पोहोचली. त्याच वाटेने आणखी एक पाऊल टाकता येईल. तापमानाचे अंक मिळाले की सरासरी व आलेख शिकविता येतो. गळतीच्या डागाचे क्षेत्रफळ चौकटीच्या कागदावर मोजता येते. चौकशीचा अहवाल लिहिणे हा भाषेचा पाठ होतो, आणि उन्हाची दिशा पाहणे हा परिसर अभ्यासाचा. ह्याहून मोठा लाभ असा की, आपण पाहिलेले नीट सांगितले, तर मोठी माणसे ते ऐकून घेतात व त्यातून काही बदलते, हा अनुभव मुलाला मिळतो. नागरिकत्वाचा ह्याहून चांगला पाठ पुस्तकात सापडणे कठीण. मात्र ह्यासाठी एक अट आहे. विचारले, तर उत्तर दिले पाहिजे. जे करता आले ते मुलांना दाखवावे. जे करता आले नाही, त्याचे कारण त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावे. विचारून गप्प बसणे हे न विचारण्याहून वाईट, कारण पुढच्या वेळी मूल बोलतच नाही, आणि जे मूल एकदा गप्प झाले, ते छतातून खडा पडला तरी गप्प राहील.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने एक शंभर पानी वही ह्या कामासाठी वेगळी काढावी. पहिल्या पानावर वर्गांचा नकाशा, दुसऱ्यावर तापमानाचे रकाने, तिसऱ्यावर गळतीच्या तारखा. पुढची पाने मुलांच्या, पालकांच्या व स्वयंपाकी ताईंच्या म्हणण्यासाठी. वर्षाअखेर ती समितीपुढे वाचावी, केंद्रप्रमुखांना दाखवावी आणि शिक्षकाची बदली झाली तर येणाऱ्या शिक्षकाच्या हाती सोपवावी. हजेरीपटात मूल शाळेत आले की नाही, हे लिहिलेले असते. आलेल्या मुलाला शाळेने कसे वागविले, हे ह्या वहीत लिहिले जाईल.